चाकांवरचें घर आणि कुकडीचा कांठ

घर सोडून प्रवासाला निघणें आणि घर बरोबर घेऊन प्रवासाला निघणें, या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे. पहिल्या प्रवाशाला रात्रीपुरतें छप्पर शोधावें लागतें. दुसऱ्याला छपराची चिंता नसते, परंतु तें छप्पर कोणाच्या भूमीवर उभें करावें, ही चिंता त्याची पाठ सोडीत नाहीं. मोटारीलाच घराचें रूप देऊन हिंडण्याची हौस आतां महाराष्ट्रांतहि रुजूं लागली आहे. या वाहनाला कॅराव्हॅन म्हणतात. त्यांत चार माणसांच्या निजण्याची सोय असते. लहानशी शेगडी, पाण्याची टाकी, विजेचे दिवे आणि शौचकूपहि असतो. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून या हौसेला सरकारी मान्यताहि मिळाली आहे. पुण्याचें एखादें कुटुंब असें घर घेऊन चार दिवस जुन्नर-आंबेगांवाकडे जाऊं म्हणेल, तर त्यानें आधीं कोणता विचार करावा, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. घर बरोबर घेऊन हिंडणें ही या मुलुखाला नवी गोष्ट नव्हे. कोंकणांतल्या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरास येई, त्या सातवाहनकाळापासून येथें तांड्यांचे मुक्काम पडत आले आहेत. घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. शेजारीं दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं पडत, असें परंपरा सांगते. जुन्नरच्या लेण्यांतील दात्यांमध्यें यवनांचींहि नांवें कोरलेलीं आहेत. दूरदेशींचा मनुष्य येथें उतरत होता आणि जातांना कांहीं देऊन जात होता, याचा तो पुरावा आहे.

आजहि या मुलुखांत चालतीं घरें कमी नाहींत. धनगर आपला वाडा घोड्यांच्या पाठीवर लादून मेंढरांमागें चालतो. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला कीं ऊंसतोड मजूर बायकामुलांसह येतात आणि फडाच्या कडेला कोपी घालून राहतात. नारायणगांव हें तमाशाचें माहेर. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकरांचें नांव या गांवाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास गांवोगांवच्या जत्रांच्या सुपाऱ्या घेण्यासाठीं तेथें फडांच्या राहुट्या लागतात. कनाती, पेट्या, वाद्यें आणि स्वयंपाकाचीं भांडीं मोटारींत भरून सारा हंगाम रस्त्यावर काढणाऱ्या या मंडळींना फिरत्या संसाराचें शास्त्र नव्यानें शिकवावें लागत नाहीं. त्यांचें घर पोटासाठीं फिरतें, शहरवासीयाचें घर मौजेसाठीं फिरतें. एवढें भान राहिलें म्हणजे नियोजनाची निम्मी चूक टळते.

आतां काळाचा विचार. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अनावर असतो. नारायणगांवच्या बाजूला भुरभुर चालू असतां नाणेघाटांत किंवा आहुप्याला ओढे दुथडी भरून वाहतात. धबधब्यांच्या ओढीनें याच दिवसांत गर्दी लोटते, म्हणून अपघात टाळण्यासाठीं अनेक ठिकाणीं शासन बंदीचे हुकूम काढतें. ते निघण्यापूर्वीं पाहून घ्यावेत. पायीं हिंडणाऱ्याला पावसाळा कितीहि सुंदर वाटला, तरी जड घर ओढीत नेणाऱ्याला तो सोईचा नाहीं. कोरडी असतां दगडासारखी कठीण असणारी काळी माती एका सरींत लोण्यासारखी होते, आणि तींत रुतलेलें चाक ट्रॅक्टरवांचून निघत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याचें घर दुपारीं भट्टीसारखें तापतें आणि धरणांचें पाणी खालीं जाऊन कांठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात. तेव्हां दिवाळीनंतरचे दिवस ते फेब्रुवारीअखेर हा काळ सर्वांत उत्तम. थंडीच्या रात्रींसाठीं मात्र पांघरुणें भरपूर हवींत. यांतहि १९ फेब्रुवारीची शिवजयंती, माघी गणेशोत्सव, संकष्ट्या आणि महाशिवरात्र हे दिवस वेगळे मोजावेत. भक्तांचा लोंढा वाहत असतां शिवनेरीच्या, लेण्याद्रीच्या किंवा भीमाशंकरच्या रस्त्यावर हें अवजड वाहन उभें करणें म्हणजे शेंकडों माणसांचा मार्ग अडविणें होय.

वाटेचा विचार सोपा आहे. पुण्याहून नाशिकचा राष्ट्रीय महामार्ग धरिला कीं सुमारें ६० किलोमीटरांवर मंचर आणि सुमारें ७५ किलोमीटरांवर नारायणगांव लागतें. मंचरहून डाव्या हातास घोडेगांव, डिंभें आणि पुढें भीमाशंकर. नारायणगांवाहून डाव्या हातास जुन्नर. येथपर्यंत अडचण नाहीं. ती पुढें सुरू होते. घराची उंची तीन मीटर किंवा त्याहून अधिक असते. वडाच्या आडव्या फांद्या, वाडीच्या तोंडाशीं लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि लग्नाच्या मांडवाची कमान या तीन गोष्टी नकाशावर दिसत नाहींत. म्हणून वाहनाची उंची, रुंदी आणि वजन एका चिठीवर लिहून ती चालकाच्या समोर चिकटवून ठेवावी. पाण्याचेंहि वजन असतें, हें पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. दोनशें लिटरांची टाकी भरली कीं गाडीवर दोनशें किलोग्रॅमांचा बोजा वाढतो, आणि घाट उतरतांना तो सारा ब्रेकांवर येतो. घाटांत खालचा गिअर घालून सावकाश उतरावें. टाकी भरावयाची ती मुक्कामाच्या गांवीं पोहोंचल्यावर. जुन्नरपासून सुमारें ३० किलोमीटरांवर असलेल्या नाणेघाटाकडे घर घेऊन जाण्याचा मोह टाळावा. घर मुक्कामीं ठेवून त्या दिवसापुरती गांवची जीप ठरविली, तर वाट सोपी होते आणि गांवांतल्या एका मनुष्याला रोजगारहि मिळतो.

आतां सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: रात्रीं घर कोठें उभें करावें? कोठें उभें करूं नये, हें आधीं सांगणें अवश्य आहे.

पहिली जागा म्हणजे डोंगराचा पायथा. पश्चिम आंबेगांवांत उतारावरच्या लहान वाड्या फार रमणीय दिसतात. माळीण अशीच होती. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं मुसळधार पावसांत डोंगराचा कडा खचला आणि तें गांव चिखलाखालीं गेलें. नेहमींच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकाला जेथें गांव असावयाचें तेथें नुसता मातीचा लोंढा दिसला, आणि त्याच्याकडूनच ही वार्ता बाहेर पोहोंचली. १५१ माणसें त्यांत दगावलीं. पुढें आमडे येथें नवें माळीण वसविण्यांत आलें. पावसाळ्यांत उताराखालीं मुक्काम करूं नये, हा नियम त्या गांवानें फार मोठी किंमत देऊन शिकविला आहे. त्यासाठीं आणखी कोणाची परीक्षा घेण्याचें कारण नाहीं.

दुसरी जागा नदीचें पात्र. कुकडी पूर गांवच्या कुकडेश्वराजवळ उगम पावते, माणिकडोहाच्या धरणांत थांबते, जुन्नरावरून वाहत येडगांवच्या जलाशयांत शिरते आणि पुढें घोडेला मिळते. माणिकडोह, येडगांव, वडज, डिंभें आणि पिंपळगांव जोगें हीं पांच धरणें मिळून कुकडी प्रकल्प होतो. या धरणांमुळें येथल्या नद्यांचें वागणें आकाशावर अवलंबून राहिलें नाहीं. निरभ्र दिवशींहि वरून पाणी सोडलें जातें आणि कोरडी वाळवट पाहतां पाहतां पाण्याखालीं जाते. नदीचा कांठ अवश्य निवडावा, परंतु पूर्वींच्या पुराची खूण गांवकऱ्यांना विचारून तिच्या पुष्कळ वर राहावें. जलाशयाचा उघडा पडलेला कांठ वरून सुकलेला दिसला, तरी खालचा गाळ चाकाला धरून ठेवतो.

तिसरी जागा ऊंसाची कड. आणि येथें विशेष सावधगिरी हवी. धरणांचें पाणी आलें तसा ऊंस आला. ऊंस बारा ते अठरा महिने उभा असतो, त्यांत सावली असते, पाणी जवळ असतें, आणि कुत्रीं, डुकरें, शेळ्या यांच्या रूपानें भक्ष्यहि असतें. बिबट्यानें हेंच आपलें जंगल मानिलें. माद्या ऊंसांतच वितात. तोड सुरू झाली कीं पिल्लें उघडीं पडतात. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर वनविभागांत माणसांवरील हल्ले एकाएकीं वाढले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांचा अभ्यास केला, तेव्हां एका ठिकाणीं पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याशीं या वाढीचा संबंध दिसून आला. माणिकडोह येथें बिबट्यांसाठीं निवारा केंद्र उभारलेलें आहे. तरीहि प्रश्न मिटलेला नाहीं. २०२५ सालींहि जुन्नर-शिरूर भागांत माणसें आणि लहान मुलें बळी पडलीं. ज्या माउलीचें मूल अंगणांतून गेलें, तिच्या गांवीं जाऊन बिबट्या पाहण्याची हौस बोलून दाखविणें हें असभ्यपणाचें आहे, एवढें तरी पाहुण्यानें ओळखावें.

या भागांतले शेतकरी ज्या नियमांनीं जगतात, तेच पाहुण्यानें पाळावेत. उभ्या ऊंसापासून दूर, घरांच्या वस्तींत आणि उजेडांत गाडी लावावी. दिवस मावळला कीं मुलांना एकटें बाहेर सोडूं नये. अंधारांत बाहेर जाणें भाग पडलें, तर दोघांनीं मिळून, दिवा घेऊन आणि मोठ्यानें बोलत जावें. वांकलेला किंवा बसलेला मनुष्य बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो; म्हणून रात्रीं उघड्यावर बसणें सर्वांत धोक्याचें. शौचकूप घरांतच असणें ही कॅराव्हॅनची चैन नसून येथें ती सुरक्षिततेची सोय ठरते. उष्टें-खरकटें बाहेर टाकूं नये; त्यामागें कुत्रीं येतात आणि कुत्र्यांमागें बिबट्या येतो. पाळलेलें कुत्रें बरोबर असेल तर तें रात्रीं आंतच बांधावें. वनविभागाचा १९२६, रुग्णवाहिकेचा १०८ आणि संकटकाळचा ११२ हे तीन क्रमांक दाराच्या आंतल्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

मग राहावें तरी कोठें? याचें उत्तर साधें आहे: ज्यानें ‘या’ म्हटलें आहे, त्याच्या अंगणांत. शेतकऱ्यांनीं चालविलेलीं कृषिपर्यटन केंद्रें, देवस्थानांचीं भक्तनिवासें, किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचें खळें, अशा ठिकाणीं आधीं दूरध्वनीवरून बोलून परवानगी घ्यावी. त्या बोलण्यांत पांच गोष्टी विचाराव्यात: गाडी वळविण्यास जागा आहे काय, जमीन मुरमाची आहे कीं काळी, विजेची जोडणी किती भार सोसते, पिण्याचें पाणी कोठून मिळेल, आणि शौचकूपाची टाकी रिकामी करण्यास संडासाची टाकी उपलब्ध आहे काय. शेवटचा प्रश्न विचारण्यास संकोच वाटतो म्हणून पुष्कळ लोक तो विचारीत नाहींत, आणि मग पहांटे कोणाचें लक्ष नाहीं असें पाहून ती टाकी ओढ्यांत मोकळी करतात. त्याच ओढ्यावर खालच्या वाडीची विहीर असते. एका रात्रीच्या सोईसाठीं चाळीस घरांचें पाणी नासविण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं.

पाण्याचा हिशेब असा मांडावा. चार माणसांच्या कुटुंबानें काटकसरीनें वापरलें, तर दर माणशीं वीस लिटर, म्हणजे दिवसाला ८० लिटर पाणी लागतें. दोन दिवसांना १६० लिटर. जितकें पाणी आंत येतें, जवळजवळ तितकेंच वापरलेलें पाणी सांठतें. त्याचीहि टाकी तेवढीच हवी. साबणाचें पाणी शेतांत सोडण्यापूर्वीं मालकाला विचारावें. किराणा, गूळ, तांदूळ, पीठ एवढेंच घरून न्यावें. भाजी, दूध आणि अंडीं मुक्कामाच्या गांवींच घ्यावींत. नारायणगांवची टोमॅटोची बाजारपेठ प्रसिद्ध आहे; तेथून जातां जातां एक टोपलें घेतलें तर रोज ताजें कालवण होईल. जुन्नरकडची मासवडी एखाद्या घरगुती खाणावळींत रश्श्याबरोबर खावी. तिच्या नांवांत मास असला तरी ती बेसनाची आणि शाकाहारी आहे, हें कळल्यावर मुलांना मोठी गंमत वाटते. पश्चिमेकडच्या वाड्यांतून महादेव कोळी कुटुंबें हिरडा गोळा करतात. तो घ्यावयाचा असेल तर थेट त्यांच्याकडून आणि घासाघीस न करतां घ्यावा.

चार दिवसांची आंखणी अशी करतां येईल. पहिल्या दिवशीं दुपारपर्यंत जुन्नरास पोहोंचावें. मुक्कामाची जागा उजेडीं पाहिल्याखेरीज गाडी लावूं नये. संध्याकाळीं गांवांतून पायीं हिंडावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लवकर शिवनेरी चढावी. १६३० सालीं जेथें शिवाजीमहाराजांचा जन्म झाला, तें स्थान आणि शिवाई देवीचें मंदिर पाहून ऊन चढण्यापूर्वीं खालीं यावें. कड्यांवर आग्या मोहोळें असतात. तेथें धूर, फटाका किंवा आरडाओरडा करणें जिवावर बेततें. दुपारीं लेण्याद्री. तीनशेंच्या आसपास पायऱ्या चढल्यावर बौद्ध लेण्यांच्या रांगेंतच गिरिजात्मज गणपति आहे. एकाच डोंगरांत दोन काळांची उपासना नांदते, हें मुलांना आवर्जून दाखवावें. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री मिळून जुन्नरच्या भोंवतीं दोनशेंहून अधिक लेणीं आहेत. तीं एका दिवसांत उरकण्याचा अट्टाहास करूं नये.

तिसरा दिवस ओझर आणि खोडदचा. ओझरचा विघ्नहर कुकडीच्या कांठीं, येडगांवच्या जलाशयाजवळ आहे. खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस अवाढव्य तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. चौदा तबकड्या मध्यभागीं आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर, मैलोगणती पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभारली गेली. आकाशांतून येणाऱ्या अतिमंद लहरी ती ऐकते, म्हणून भोंवतालीं विजेच्या गोंगाटाची तिला बाधा होते. आंत जाण्यापूर्वीं तेथील नियम विचारून घ्यावेत आणि सांगतील तेथें यंत्रें बंद ठेवावींत. रात्रीं मुक्कामावर जनरेटर बंद करून एक तासभर दिवे मालविले, आणि दाराच्या आंतूनच आकाश पाहिलें, तर त्या दुर्बिणीचें प्रयोजन मुलांना कोणत्याहि पुस्तकापेक्षां अधिक कळेल.

चौथ्या दिवशीं परततांना वांकडी वाट करून घोडेगांवमार्गें डिंभ्याला जावें. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचें नांव दिलेलें आहे. १२ डिसेंबर १९३० रोजीं परदेशी कापडाची लॉरी अडवितांना मुंबईंत ज्यांनीं प्राण दिला, ते बाबू गेनू याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळचे. तालुक्याचें नांव आंबेगांव, परंतु कचेरी घोडेगांवीं. कारण जुनें आंबेगांव या पाण्याखालीं आहे. कांठावर उभें राहिलें कीं पाणी फार सुंदर दिसतें. त्याच पाण्याखालीं कोणाची चूल होती, कोणाचें देऊळ होतें, बाजाराची पेठ होती. ज्यांचीं घरें हलविलीं गेलीं त्यांना चाकें नव्हतीं. त्यांच्या त्यागावर खालचा ऊंस आणि शहरांतली साखर उभी आहे. चार दिवसांसाठीं हौसेनें घर हलविणाऱ्यानें तेथें थोडा वेळ तरी मुकाट्यानें उभें राहावें.

शेवटीं पुन्हां त्या धनगराकडे वळणें योग्य होईल. तो शेतकऱ्याला विचारल्यावांचून शेतांत उतरत नाहीं. मेंढरें एक-दोन रात्रीं त्या शेतांत बसतात. शेतकरी त्याला धान्य देतो. आणि वाडा उठतो तेव्हां मागें लेंडीखत राहतें, ज्यानें पुढच्या हंगामांत पीक जोमानें येतें. त्यानें जेथें मुक्काम केला, तेथें पुढच्या वर्षीं त्याची वाट पाहिली जाते. मोटारींत घर घेऊन आलेल्या कुटुंबाला खत देतां येणार नाहीं. परंतु जागेचें भाडें, दुकानांतील खरेदी, वाटाड्याची मजुरी आणि जातांना झाडून स्वच्छ केलेलें अंगण एवढें त्याला देतां येईल. गाडी निघाल्यावर चाकांच्या खुणांखेरीज मागें कांहीं उरलें नाहीं, आणि घरधनिणीनें ‘पुढच्या सुटींत पुन्हां या’ असें आपण होऊन म्हटलें, तर तो मुक्काम नीट आंखला होता असें समजावें.